कर कुणाचा, शाळा कुणाची?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२३ साली मालमत्ता कराची बिलं घरोघर पोचवायचं काम महिला बचत गटांकडे दिलं. तेव्हापासून उन्हाळा आला की आमच्या गटातल्या बायकांच्या हातात बिलांचे गठ्ठे असतात. एखादी नवीन असली की पहिले दोन दिवस मी तिच्याबरोबर फिरते. जिने चढायचे, बेल वाजवायची, बिल द्यायचं, सही घ्यायची. कुणी पाणी विचारतं, कुणी दार अर्धंच उघडतं.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी बिल हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा पारा चढला. "हे बघा, शिक्षणकर! माझी दोन्ही मुलं इंग्लिश मीडियमला. फी भरून कंबरडं मोडतंय. मग हा कर कशासाठी? कर आम्ही भरायचा आणि फुकट शाळा त्यांना!"

'त्यांना' म्हणताना त्यांची नजर माझ्याबरोबरच्या बाईकडे गेली. मुद्दाम नसेलही, पण गेली खरी.

ती काही बोलली नाही. सही घेतली, गठ्ठा सावरला आणि आम्ही खाली निघालो. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर ती थांबली. म्हणाली, "ताई, ते साहेब म्हणले ते खरंय का हो? आपण सरकारला काहीच भरत नाही का?"

ती लातूरकडची. लग्न झाल्यावर इकडे आली. नवरा चाकणला एका ठेकेदाराकडे कामाला, कारखान्याच्या गेटातून आत जातो पण कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. मोशीच्या बाजूला एका खोलीत संसार. मुलगा खाजगी इंग्रजी शाळेत, मुलगी सातवीत महापालिकेच्या शाळेत. असं का, हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "पोरगी हुशार आहे ताई, ती कुठंबी शिकंल. पोराला जरा आधार लागतो." आपल्याकडे हुशार असण्याची शिक्षा कुणाला मिळते, ते त्या एका वाक्यात कळावं.

पण त्या दिवशी तिच्या प्रश्नाला मला जिन्यात उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही. "भरतो की आपणही," एवढंच म्हटलं. घरी आल्यावर मात्र ते मनातून जाईना. मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही, बी.ए. झालेली बाई. पण घरखर्चाची वही वीस वर्षं लिहिते आहे. म्हटलं, हिशेब तर करू या.

मैत्रिणींनो, तुम्हीही करून बघा. घरातल्या मोबाईलचं रिचार्ज घ्या. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ३४९ रुपयांच्या रिचार्जमधले ५३ रुपये कराचे. ते साहेब मारोत, आपण मारोत, की चाकणच्या कंपनीचा मालक मारो, ५३ म्हणजे ५३. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता, आता तो ५ टक्क्यांवर आला. मुलांच्या वह्या आणि पेन्सिलींवर १२ टक्के होता. म्हणजे गरिबाचं पोर पाढे लिहायला बसलं की सरकारची पट्टीही शेजारी मांडलेली असायची! २२ सप्टेंबर २०२५ पासून वही, पेन्सिल, खोडरबर करमुक्त झालं. चांगलंच झालं. पण जीएसटी आला तो १ जुलै २०१७ ला. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी वह्या घेतल्या त्यांनी तो कर भरलाच. सॅनिटरी नॅपकिनवरचा कर काढून घ्यायलासुद्धा बायकांना वर्षभर आवाज उठवावा लागला, तेव्हा कुठे जुलै २०१८ मध्ये तो गेला.

शिवाय नवऱ्याच्या मोटरसायकलीतलं पेट्रोल. ते जीएसटीत नाहीच, त्यावर केंद्राचा वेगळा कर आणि राज्याचा वेगळा. शिवाय घरभाडं. साहेबांच्या बिलावर जो शिक्षणकर आहे, तो तिच्या घरमालकाच्या बिलावरही आहे. घरमालक काय स्वतःच्या खिशातून भरतो? भाडं ठरवताना त्यानं तो धरलेलाच असतो. म्हणजे ज्या शिक्षणकरावरून तिला ऐकून घ्यावं लागलं, तोसुद्धा ती भरते. फक्त तिच्या नावाची पावती निघत नाही. साहेबांना पावती मिळते, तिला टोमणा मिळतो.

आता खरी मेख बघा. समजा तिच्या घरात महिन्याला बावीस हजार येतात. महिनाअखेरीला त्यातले किती उरतात? काहीच नाही. जे येतं ते सगळं खर्च होतं आणि त्यातल्या बऱ्याच खर्चावर कर लागतो. ज्याच्या घरात पाच लाख येतात तो लाख-दीड लाख खर्च करतो, उरलेल्यातून जमीन घेतो, शेअर घेतो. साबणावरचा कर दोघांना सारखा, पण मिळकतीच्या मानानं बघितलं तर ओझं कुणाच्या डोक्यावर जास्त? वस्तूवरचा कर माणसाचं तोंड बघत नाही, हा त्याचा गुण म्हणतात. मला तर तोच त्याचा दोष वाटतो.

साहेबांवर मला अन्याय करायचा नाही. ते पगारदार आहेत. त्यांचा प्राप्तिकर पगार हातात येण्याआधीच कापला जातो. त्यावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर, म्हणजे ज्याला आपण 'सेस' म्हणतो तो, वेगळा. त्यात शाळेची फी, व्हॅनचे पैसे, क्लासचे पैसे. माणूस चिडणारच. माझं म्हणणं एवढंच की ते चुकीच्या मजल्यावर चिडतात. जिन्यातून खाली जाणाऱ्या बाईवर चिडण्याऐवजी त्यांनी जरा वरच्या मजल्याकडे बघावं.

वर काय झालं? एखाद्याच्या मृत्यूनंतर मोठ्या इस्टेटीवर पूर्वी कर लागायचा, तो १९८५ साली रद्द झाला. श्रीमंतांच्या मालमत्तेवर संपत्ती कर होता, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. त्याऐवजी मोठ्या मिळकतीवर जादा अधिभार लावला, पण नव्या कररचनेत सर्वांत वरच्या मिळकतीचा अधिभारही २०२३ साली ३७ वरून २५ टक्क्यांवर आणला. सप्टेंबर २०१९ मध्ये इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्के ठरला. सरकारनंच तेव्हा सांगितलं की यामुळे वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. कारण दिलं की गुंतवणूक वाढेल, रोजगार वाढेल. रोजगार कसा वाढतो ते आम्ही इथे रोज पाहतो. चाकण चौकात सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते, पण त्यातल्या कितीतरी पोरांना पुढच्या वर्षी याच गेटातून आत जाऊ की नाही, ते माहीत नसतं.

आणि मग देशातली दरी केवढी झाली? जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०२४ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची ४० टक्के संपत्ती होती. शंभर जणांच्या पंगतीत एकाच्या पानात चाळीस लाडू आणि उरलेले साठ बाकीच्या नव्व्याण्णवांत! त्या नव्व्याण्णवांत साहेबही आहेत, ती लातूरची बाईही आहे आणि तुम्ही-मीही आहोत. आणि भांडण लागलंय ते आपसातच.

बरं, शिक्षणाच्या नावानं घेतलेला पैसा शिक्षणावरच जातो का? तेही बघू. केंद्र सरकारनं २००४ साली करांवर २ टक्के शिक्षण उपकर लावला. २००७ साली माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का लावला. प्राथमिकच्या उपकरासाठी निदान स्वतंत्र कोष झाला. माध्यमिकच्या त्या एक टक्क्यासाठी कोष उघडायला २०१७ साल उजाडलं. तोवर त्या नावानं ८३ हजार कोटींहून जास्त रक्कम गोळा झाली होती आणि ती ठरल्या कामासाठी वेगळी ठेवलीच गेली नव्हती, असं महालेखापालांनी आपल्या अहवालात नोंदवलं. आपण बचत गटात शंभर रुपयांची नोंद चुकली तर रात्रभर झोपत नाही. इथे डबाच नव्हता आणि भिशी चालू होती!

आणखी एक गंमत. उपकराचा पैसा केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही, इतर करांचा घ्यावा लागतो. आणि शाळा चालवतं कोण? बहुतेक शाळा राज्य सरकार, जिल्हा परिषदा आणि महापालिका चालवतात. केंद्र योजनांमधून देतं, पण ते देईल तेव्हा आणि देईल तेवढं. कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के पैसा शिक्षणावर खर्च व्हावा. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानं पुन्हा तेच ६ टक्के लिहिले. मधली पन्नासहून जास्त वर्षं आपण लिहिण्यातच घालवली.

आमच्या शहराची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे बजाज, टेल्को आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. कारखान्यांत येणाऱ्या मालावर जकात लागायची आणि त्या जकातीवर आमची महापालिका आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून मिरवायची. २०१३ साली जकात गेली, एलबीटी आला, पुढे जीएसटी. आता पैसे राज्याकडून भरपाई म्हणून येतात. म्हणजे पूर्वी लेक कमवून थेट आईच्या हातात द्यायची, आता मामाकडे देते आणि मामा आईला पाठवतो. पण तरीही घर गरीब नाही. शंभराहून जास्त प्राथमिक शाळा महापालिका चालवते. मग तिथे मूल घालताना आईबापाचं मन का कचरतं?

कारण ज्याला जमतं तो आधी तिथून बाहेर पडतो. साहेबांसारखे शिकलेले, बोलू शकणारे पालक गेले, मग उरले ते दुपारी ड्युटीवर जाणारे. शाळेत शिक्षक कमी आहे, बाथरूमला दार नाही, हे मोठ्यानं विचारणारं कुणी राहत नाही. शिक्षक बिचारे निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपलेले. मग शाळा आणखी खालावते, आणखी मुलं जातात. आणि शेवटी म्हणायचं, सरकारी शाळा म्हणजे गरिबांची सोय. सोय नव्हे बाई, ती आपण सगळ्यांनी मिळून पैसे भरून बांधलेली शाळा आहे.

हे मी आज सांगत नाही. १८८२ साली इंग्रज सरकारचा हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करत होता. महात्मा फुल्यांनी पुण्यातून त्यांच्यापुढे निवेदन मांडलं. त्यांचा सवाल साधा होता. सरकारचा महसूल येतो मुख्यतः रयतेच्या घामातून, मग तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर आणि शेतकऱ्याच्या पोराला गावात धड शाळाही नाही, हे कसं? निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. त्या काळी शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' घ्यायचे आणि त्यातला एक हिस्सा शिक्षणासाठी असायचा. म्हणजे शिक्षणाच्या नावानं कर भरणं आपल्याकडे नवीन नाही आणि त्याचा जाब विचारणंही नवीन नाही. फुल्यांनी तो जाब विचारला तेव्हा चाकण-खेडकडचा शेतकरी तो आणा भरत होता. आज त्याच जमिनीवर मोटारी तयार होतात. फुल्यांनंतर १२८ वर्षांनी, १ एप्रिल २०१० ला, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला.

त्या कायद्यानं खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला की खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला हे बंधन नाही. शहरात अशी शाळा कुठे नसते? म्हणजे दार उघडंच, फक्त उंबऱ्यावर भिंत! पालक कोर्टात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. लढल्यावर मिळतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरीकडे दत्तक योजना आली. सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं कंपन्यांना, दानशूरांना सरकारी शाळा दत्तक घ्यायची मुभा मिळाली आणि ठरावीक रक्कम दिली तर शाळेला आपण सुचवलेलं नाव जोडायचीही. आमच्या औद्योगिक पट्ट्यात कंपन्यांच्या सीएसआरमधून वर्ग बांधले जातात, बेंच येतात, फळ्याशेजारी स्क्रीन लागतो. मुलांना चांगलं बसायला मिळतं, मी नावं ठेवणार नाही. पण एक फरक मनात ठेवा. देणगी देणाऱ्याची इच्छा. यंदा दिली, पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला. देणगीच्या वर्गावर नावाची पाटी असते आणि मुलं ओळीनं उभी राहून टाळ्या वाजवतात. करातून झालेल्या वर्गावर पाटी नसते, कारण ती सगळ्यांच्या नावांनी भरून जाईल. तिथे टाळी वाजवायची नसते, हिशेब मागायचा असतो.

आणि सरकारी शाळा चांगली होऊच शकत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला खेड तालुक्यात घेऊन जा. जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी बंद पडायच्या बेतात होती. शिक्षक दत्तात्रय वारे आणि गावकऱ्यांनी मिळून ती उभी केली आणि २०२५ साली 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांमध्ये लोकांच्या पसंतीचा पुरस्कार या शाळेनं मिळवला. चाकण ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यातली ही शाळा. तिथे चांगला शिक्षक होता हे खरं, पण गाव शाळेत येत होतं, हेही तितकंच खरं.

आपल्याला गावानं शाळेत यायचा रस्ता कायद्यानंच दिलाय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. शाळेला आलेलं अनुदान कशावर खर्च झालं हे बघणं, शाळेचा विकास आराखडा करणं ही त्या समितीची कामं आहेत. पण होतं काय? घरी रजिस्टर येतं, बाई पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं सही करते. मीही दोन वर्षं अशी सही केली आहे, कबूल करते. आता नाही करत. बैठकीला जाते आणि विचारते, "किती आले, कशावर गेले?" पहिल्यांदा सगळे बघत राहिले. दुसऱ्या वेळी मुख्याध्यापकांनी कागद तयार ठेवले होते.

तुमच्या गावातही हे करता येईल. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावतीवर शिक्षणकर शोधा. १९६२ च्या कायद्यानं राज्य सरकार तो घेतं. ती पावती घेऊन एक दिवस जवळच्या सरकारी शाळेत जा. मूल तिथे शिकत असो वा नसो. आपण ज्या किराणा दुकानात पैसे भरतो तिथला माल बघून घेतो ना? तसंच.

त्या लातूरच्या बाईला मी हा सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला. रिचार्जचे त्रेपन्न, पेट्रोलचे, भाड्यातले. ती बराच वेळ कागद बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे पोरीची शाळा फुकटची नाही."

"नाही," मी म्हटलं. "तू पैसे भरतेस तिचे."

पुढच्या महिन्यात ती समितीच्या बैठकीला आली. अर्धा दिवस खाडा करून. सातवीला विज्ञान शिकवायला बाई केव्हा येणार, एवढाच तिचा प्रश्न होता. उत्तर अजून मिळालेलं नाही. पण प्रश्न रजिस्टरमध्ये लिहिला गेला आहे आणि त्याखाली तिची सही आहे. या वेळी ती सही पिठाच्या हातानं केलेली नाही.